आजोबांची .४२३ माउझर: ठेवावी की सोडावी?

राधानगरीकर · ११ जून, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत बाबा गेले. सातबारा, बँक, सोसायटी असं एकेक निस्तरता निस्तरता परवा आईनं कपाटाचा खालचा कप्पा उघडला आणि म्हणाली, "हिचं काय करायचं रे?" घोंगडीत गुंडाळलेली आजोबांची रायफल. आम्ही पोरांनी ती फक्त खंडेनवमीला बघितलेली, झेंडूच्या माळेखाली. बाकी वर्षभर तिचं नावही घरात निघत नसे.

नळीवर 'आर. बी. रोडा अँड कं., कलकत्ता' असं कोरलंय, पुढे १०.७५ हा आकडा आणि भरणीवर (काडतूस बसतं तो भाग) माउझरचं चिन्ह. दस्ता अक्रोडाचा आहे, पण पकडीच्या जागी तडा गेल्यामुळे कुणीतरी पितळी पत्रा ठोकलाय. मागच्या टोकाला रबर वगैरे काही नाही, नुसती लोखंडी पट्टी. वजन साडेतीन किलोच्या आसपास. सोबत चामड्याच्या पट्ट्यात अकरा काडतुसं, अंगठ्याएवढी जाड, गळ्याशी हिरवी पडलेली. लायसन आधी आजोबांच्या नावावर होतं, १९८७ पासून बाबांच्या. बाबांनी उभ्या आयुष्यात तिचा एकही बार काढला नाही. दर दिवाळीला तेल मात्र न चुकता द्यायचे.

मी पुण्यात असतो, आई गावी. गाव राधानगरी अभयारण्याच्या हद्दीपासून पाच-सहा किलोमीटरवर. रायफल ठेवावी, विकावी की सरकारजमा करावी? आणि ठेवलीच तर ती कुठे चालवता येईल का? खरं सांगायचं तर एकदा तरी तिचा आवाज ऐकायचाय.

पेठेतला · ११ जून, रात्री १०:४१

पुतणीचं लग्न आहे डिसेंबरात. आणा की, दोन बार होऊन जाऊ देत. :)

वकीलकाकू · ११ जून, रात्री १०:५५

पेठेतला, २०१९ च्या दुरुस्तीनंतर लग्नात हवेत बार काढून कुणाचा जीव धोक्यात आणलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवरदेव वरातीतूनच थेट कोठडीत जायचा.

राधानगरीकर, तुमचा धागा वाचून माझा चहा गार झाला. रायफल *अजून घरात* आहे? बाबा फेब्रुवारीत गेले ना? लायसन माणसाला असतं, घराला नसतं. माणूस गेला की ते त्याच्याबरोबर संपतं. आज त्या कपाटात जे आहे ते विनापरवाना शस्त्र आहे, आणि कपाट तुमच्या आईच्या ताब्यात आहे. नव्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन वर्षं ते पाच वर्षं शिक्षा आहे. तुमच्यावर लगेच कुणी गुन्हा नोंदवेल असं म्हणत नाही. दुःखातल्या घराला ठाण्यात समजून घेतात. पण उद्या त्या कपाटाला चोर लागला तर समजून घेणारं कुणी नसेल.

उद्या सकाळी ठाण्याला आधी फोन करा. मग मृत्यूचा दाखला, मूळ लायसन आणि साध्या कागदावर अर्ज घेऊन शस्त्र जमा करा. शस्त्र कायद्याच्या कलम २१ मध्ये ही सोय आहे, ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे. नेताना बोल्ट (भरणी बंद करणारा मागचा सरकता खटका) काढून वेगळा, काडतुसं वेगळ्या डब्यात. पावती घ्या, आणि पावतीवर नंबर, बोअर (नळीच्या भोकाचा व्यास), काडतुसांची संख्या नीट लिहिली आहे का ते तिथेच वाचा. ठेवायची की सोडायची ते नंतर बघू.

राधानगरीकर · ११ जून, रात्री ११:१०

बापरे. हे डोक्यातच आलं नव्हतं. उद्या पहाटेच निघतो.

निवृत्त_सुभेदार · १२ जून, सकाळी ६:०५

काकूंनी बरोब्बर सांगितलंय. सकाळी निघायच्या आधी एक करा. बोल्ट उघडा, भरणीत करंगळी घालून बघा. नुसतं डोळ्यानं बघून भागत नाही, बोट घाला. चाळीस वर्षं कपाटात पडलेली बंदूक 'रिकामी आहे' असं घरातले सगळे शपथेवर सांगतात, आणि एखादं काडतूस आत निघतं. नळी पूर्ण वेळ जमिनीकडे.

रोडा हे नाव वाचून मजा वाटली. कलकत्त्यातली नावाजलेली इंग्रजी पेढी. ऑगस्ट १९१४ मध्ये याच रोडा कंपनीचा माल गोदीतून नेताना क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं पळवली होती. पुढे बंगालात ती पिस्तुलं कुठे कुठे निघाली याची हकीकत मोठी आहे. तुमची रायफल त्यातली नाही, ती पिस्तुलं होती, पण पेढी तीच.

डेन्वरचा_बाळू · १२ जून, सकाळी ७:३०

वाचतोय. मोठ्या बोअरच्या रायफली मी इकडे चालवतो, निवांत लिहितो रात्री. (माझी रात्र.)

राधानगरीकर · १२ जून, संध्याकाळी ७:१५

जमा केली. भरणी रिकामी निघाली, सुभेदारकाका, पण बोट घालून बघताना हात थरथरत होता.

ठाण्यातला किस्सा सांगतो. हवालदारसाहेब चांगले होते, आईला खुर्ची दिली, बाबांना ओळखतही होते. शस्त्राच्या रजिस्टरवर बसलेले दुसरे साहेब मात्र अडले. लायसनवर लिहिलंय '४२३ बोअर रायफल', नळीवर कोरलंय १०.७५. साहेब म्हणाले, "ही ती रायफल नाहीच. लायसनवरची कुठाय?" मी नंबर दाखवला, नंबर जुळत होता. तरी म्हणे बोअर जुळत नाही. शेवटी पावती मिळाली, पण शेऱ्यात 'बोअरबाबत तफावत' असं लिहिलंय. आता हे वारसाच्या अर्जात आडवं येणार ना?

गणिताचे_सर · १२ जून, संध्याकाळी ७:४०

१०.७५ भागिले २५.४ करून बघा. ०.४२३ येतं. एक आकडा मिलिमीटरमध्ये, दुसरा इंचात. जर्मनांनी मिलिमीटर कोरलं, आपल्याकडच्या इंग्रजी दप्तरानं इंच लिहिलं. सातवीचं गणित आहे. साहेबांना कॅल्क्युलेटर भेट द्या.

वकीलकाकू · १२ जून, रात्री ८:०२

सरांचं गणित बरोबर, पण साहेबांवर फार रागावू नका. नळीवर एक आणि कागदावर दुसरंच, असं शस्त्र समोर आल्यावर जो कारकून प्रश्न विचारत नाही त्याची मला जास्त भीती वाटते. परवानाधारक विक्रेत्याकडून तपासणीचं पत्र घ्या: "सदर शस्त्राची बोअर १०.७५ मिमी म्हणजेच .४२३ इंच." ते वारसाच्या अर्जाला जोडा.

वारसाचा अर्ज शस्त्र नियम २०१६ च्या नियम २५ खाली होतो. धारक हयात असतानाही, त्याला सत्तर वर्षं झाली किंवा शस्त्र बाळगून पंचवीस वर्षं झाली तर वारसाच्या नावे करता येतं. बाबांना १९८७ पासून म्हणजे ते कधीच शक्य होतं. ज्यांच्या घरी म्हातारे परवानाधारक आहेत त्यांनी ही ओळ परत वाचा. इतर वारसांची ना-हरकत लागेल, वैद्यकीय दाखला लागेल, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला लागेल. एका माणसाला आता दोनच शस्त्रं. पूर्वी तीन होती. वारशाचं शस्त्रही त्या दोनातच मोजतात.

आणि एक काटा आहे. वन्यजीव कायद्याचं कलम ३४. अभयारण्यात किंवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांना वेगळी नोंद करावी लागते आणि नवीन परवान्याला मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. वारसाचा परवाना कागदोपत्री नवाच असतो, त्यामुळे गावच्या पत्त्यावर अर्ज केलात तर हा प्रश्न निघणार असं धरून चाला.

रंकाळ्याचा_वारा · १२ जून, रात्री ९:२०

भावा, दाजीपूरचं रान म्हणजे संस्थानच्या काळातलं राजेलोकांचं शिकारीचं रान. १९५८ ला अभयारण्य झालं ते. तुझ्या आज्ज्यानं तिथं काय काय मारलंय ते सांग की आधी! गवा मारला असणार बघ. .४२३ कोण सशासाठी घेतंय व्हय?

राधानगरीकर · १२ जून, रात्री ९:४५

आजोबांची एक वही आहे, मोडीमिश्रित बाळबोध लिपीत. अजून नीट लावलेली नाही. लावली की टाकतो.

डेन्वरचा_बाळू · १३ जून, सकाळी ८:५०

हां, आता लिहितो. मूळचा साताऱ्याचा, कोलोरॅडोत चौदा वर्षं. पहिली बंदूक हातात धरली ती इथेच, पस्तिसाव्या वर्षी. त्याआधी जत्रेतले फुगे.

एच-१बी वर असलेल्यांसाठी आधीच सांगतो, कारण दर वेळी विचारतात. इथे बिगर-स्थलांतरित व्हिसावर बंदूक बाळगणं केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे. शिकारीचं वैध लायसन जवळ असणं हा त्यातला एक अपवाद. ग्रीन कार्ड असेल तर तो अडथळा नाही. ऑफिसातल्या कुणाच्यातरी सांगण्यावरून दुकानात जाऊ नका, आधी कागद बघा.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ, मोठा नर तीनशे किलोच्या वर जातो. त्याला .३०-०६ पुरेशी आहे हे मी आज सांगतो. तेव्हा मला कुणी सांगितलं तरी ऐकलं नसतं. मला मोठी हवी होती. मित्राची .३७५ एच अँड एच होती, अलास्कात अस्वलासाठी घेतलेली. १९१२ पासून चालत आलेलं काडतूस. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांत हत्ती आणि रानरेड्याच्या शिकारीला किमान हीच बोअर धरतात. ती घेऊन रेंजवर गेलो.

पहिला बार बाकावर बसून काढला. उभ्यानं काढला असता तर अंग मागे झुकून धक्का जिरला असता. बाकावर बसलेल्या माणसाला जायला जागाच नसते. तो आवाज मला ऐकूच आला नाही. खांद्यात कुणीतरी जात्याचा खुंटा ठोकल्यासारखं झालं, आणि कपाळाला काहीतरी गार लागलं. दुर्बिणीची कड. भुवईच्या वर अर्धचंद्र. दोन टाके. इथले जुने शिकारी माझ्या कपाळाकडे बघून काही विचारत नाहीत, नुसते हसतात. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या भुवईवर तेच असतं.

पण खरा धडा पुढच्या रविवारी. दहा-बारा बार झाल्यावर माझ्या गोळ्या सगळ्या खाली, डावीकडे. मला वाटलं दुर्बीण हलली. मित्र काही बोलला नाही. म्हणाला, "दे, मी भरून देतो." त्यानं माझ्या नकळत खोटं काडतूस घातलं. मी नेम धरला, श्वास अर्धा सोडला, चाप ओढला. टक. आणि त्या शांततेत मला माझ्याच डोळ्यांनी दिसलं की नळी चार बोटं खाली गेली. बार झालेलाच नव्हता. माझं अंगच धक्क्याच्या आधी घाबरून रायफल दाबत होतं. बार होतो तेव्हा त्या धक्क्यात हे झाकलं जातं, म्हणून माणूस वर्षानुवर्षं दुर्बिणीला शिव्या देतो.

मग सहा महिने मी .२२ वर होतो. रोज सकाळी रिकाम्या रायफलनं भिंतीवरच्या टिकलीवर नेम धरायचा, चाप ओढायचा. बायको म्हणायची, भिंत मेली असेल एव्हाना.

गणिताचे_सर · १३ जून, सकाळी ९:३०

बाळू, सुंदर. आकड्यांत बघू. .३७५ ची ३०० ग्रेनची गोळी म्हणजे साडेएकोणीस ग्रॅम, वेग सेकंदाला ७७० मीटरच्या आसपास. तिच्यामागून दारूचा वायूही बाहेर पडतो, त्याचाही धक्का धरला तर सव्वाचार किलोची रायफल सेकंदाला जवळपास पाच मीटर वेगानं मागे येते. म्हणजे ताशी अठरा किलोमीटर. बऱ्या सायकलस्वाराचा वेग. .२२ ची गोळी अडीच ग्रॅमची. तिथे रायफल मागे आली हे मनाला सांगावं लागतं.

म्हणजे रायफल हलकी केली की धक्का वाढतो. राधानगरीकरांची साडेतीन किलोची, वर लोखंडी पट्टी. आवाज ऐकायची हौस आहे म्हणालात ना?

राधानगरीकर · १३ जून, सकाळी १०:००

हौस थोडी कमी झाली आहे. पण गंभीर प्रश्न: भारतात कुठल्या रेंजवर ही चालेल? बालेवाडी?

निवृत्त_सुभेदार · १३ जून, दुपारी १२:१५

तिथे १०, २५ आणि ५० मीटरचा खेळ आहे. तुमच्याच तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकात ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं, ते .२२ नं. आंतरराष्ट्रीय खेळात सगळ्यात मोठी बोअर लागते ती ३०० मीटरला, आणि तिथेही मर्यादा आहे ८ मिलिमीटरची. तुमची १०.७५. म्हणजे खेळात तिला जागा नाही, आणि शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद झाली. ती चालवायची म्हटली तर जागाच उरलेली नाही.

काडतुसांचंही तेच. आपल्या आयुधनिर्माणींनी शिकारी रायफलींसाठी .३१५ आणि .३०-०६ केली. .४२३ इथे कधी झाली नाही. जी अकरा आहेत ती बुडावर काय छाप आहे?

राधानगरीकर · १३ जून, दुपारी १:३०

फोटो काढून ठेवला होता जमा करायच्या आधी. 'डीडब्ल्यूएम' असं वाचता येतंय.

निवृत्त_सुभेदार · १३ जून, दुपारी २:१०

जर्मन माल. आता ऐका. हिरवी पडलेली जुनी काडतुसं कुणी कितीही आग्रह केला तरी उडवायची नाहीत. अशा काडतुसात कधी चाप ओढल्यावर नुसतं टक होतं, आणि माणूस बोल्ट उघडतो तेवढ्यात आत पेट घेतो. टक झालं तर नळी समोर धरून निदान एक मिनिट थांबायचं असतं. आणि त्या काळातल्या टोप्यांच्या (काडतुसाच्या बुडातला ठिणगी देणारा भाग) क्षारानं नळीला गंज चढतो. जुने शिकारी बार काढले की त्याच रात्री नळीत उकळतं पाणी ओतायचे, मग चिंधी, मग तेल. नुसत्या तेलानं क्षार जात नाही.

आणखी एक. कुणी दुकानदार म्हणेल, .४०४ जेफरीची काडतुसं आहेत, गोळीची जाडी तीच. .४०४ चं कवच ७३ मिलिमीटर लांब, तुमचं ६८. बसणार नाही, आणि बसवायला जाऊ नये.

अवांतर: या सगळ्या विचित्र आकड्यांचं मूळ आपल्याच देशात आहे. सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींना लागणारी .४५० ची गोळी बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रज सरकारनं १९०७ च्या सुमारास भारतात आणि सुदानात .४५० बोअरच बंद केली. मग बंदुका करणाऱ्या इंग्रजी कंपन्यांनी हिंदुस्थानच्या गिऱ्हाइकासाठी .४६५, .४७०, .४७५ अशा बोअरी काढल्या. त्यांतल्या काही पुढे हत्तीच्या शिकारीत जगभर गाजल्या. कारण होतं इथल्या बंडाची भीती.

कोकणी_फणस · १३ जून, दुपारी ३:४५

तुम्ही लोक हत्तीचं बोलताय. माझ्याकडे शेतीसंरक्षणाची बारा बोअर आहे. डुकरं रात्रीत नाचणी लोळवून जातात. वानर नारळ सोलून फेकतात. लायसन 'शेतीसंरक्षण' म्हटलं तरी डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी. तोवर हवेत बार काढायचा आणि डुकरानं तो ऐकून घ्यायचा. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा. २०२४ ला लोकसभा आणि विधानसभा मिळून मी माझ्या बंदुकीपेक्षा तिच्या पावत्याच जास्त सांभाळल्या. भात पोटरीत असताना बंदूक ठाण्यात आणि डुक्कर शेतात.

राधानगरीकर, ठेवलीत तर हेही तुमच्या वाट्याला येणार. पुण्याहून दर वेळी याल का?

रानवाटा · १३ जून, रात्री ८:३०

मी वन्यजीव अभ्यासक आहे. रायफलीबद्दल मला प्रेम नाही, हे आधीच सांगते. पण त्या वहीबद्दल उत्सुकता आहे. आजोबांनी तारीख, जागा, जनावर असं लिहिलं असेल तर त्या काळात त्या खोऱ्यात काय होतं याची ती नोंद आहे. वही रायफलीबरोबर कुणाला देऊ नका. आणि घरात शिंगं-कातडी काही भिंतीवर असेल तर त्याचे मालकीचे दाखले आहेत का बघा. ते प्रकरण रायफलीपेक्षा लवकर अंगाशी येतं.

राधानगरीकर · २९ जून, रात्री ११:३०

शिंगं नाहीत. आजीनं म्हणे घरात काही टांगू दिलं नव्हतं.

वही लागली. आत्याला मोडी येते, तिनं वाचून दाखवली. लहानपणापासून आम्ही ऐकत आलोय की आजोबांचा नेम म्हणजे नेम, एका गोळीत काम. वहीत वेगळंच आहे. तीन नोंदी जशाच्या तशा देतो, गावांची नावं वगळून.

"गवा, एकांडा. ६० पावलांवरून खांद्यावर. बसला, उठला, गेला. रक्त थेंबाथेंबाने. दोन दिवस माग. मिळाला नाही."

"गवा. खांदा. गोळी आडवी फुटली असावी. ओढ्यापर्यंत माग. पाऊस आला. नाही मिळाला."

तिसऱ्या नोंदीत फक्त, "पुन्हा तसेच. बंदूक गव्याची नव्हे." त्यानंतर शिकारीच्या नोंदी संपतात आणि गुळाचे हिशेब सुरू होतात.

आत्या वाचताना थांबली. तिनंही हे कधी ऐकलं नव्हतं.

निवृत्त_सुभेदार · ३० जून, सकाळी ६:२०

तुमच्या आजोबांनी जे ओळखलं ते पुष्कळ जणांनी ओळखलं नाही. या बोअरवर हीच तक्रार होती. तोंड मोठं, पण गोळी त्या जाडीच्या मानानं हलकी, ३४७ ग्रेन, म्हणजे साडेबावीस ग्रॅम. हलकी आणि जाड गोळी वेगानं थबकते. मऊ टोकाची असली की खांद्याच्या हाडावरच उमलून पसरते, आत पोचत नाही. वाघाच्या अंगाला ती चालून जायची. हजार किलोच्या गव्याच्या खांद्याला नाही. लोक .४२३ हा आकडा ऐकून छाती काढायचे. जनावराला आकडा कळत नाही. गोळी कुठवर जाते एवढंच त्याला कळतं.

डेन्वरचा_बाळू · ३० जून, सकाळी ९:१०

"पुन्हा तसेच." हे वाचून झोप उडाली.

माझाही एक एल्क आहे असा. तिसरं वर्ष, भुवईवरचे टाके भरलेले, हातात स्वतःची .३३८. दोनशे यार्ड, आडवा उभा. धक्क्याची भीती गेली होती असं मला वाटत होतं. बार झाला, तो वाकला आणि स्प्रूसच्या झाडीत शिरला. बर्फावर रक्त होतं, पण फुफ्फुसाचं फेसाळ गुलाबी नव्हतं. काळपट होतं. म्हणजे मागे लागली होती, पोटात. मित्र म्हणाला, बस खाली, तीन तास हलायचं नाही, आता पाठी लागलास तर तो डोंगर ओलांडेल. तीन तास आम्ही भगवी जाकिटं घालून (इथे रायफलच्या हंगामात तो नाहीतर भडक गुलाबी रंग सक्तीचा) एका ओंडक्यावर बसलो. तो संध्याकाळी सापडला, जिवंत. पुढचं लिहीत नाही.

त्यानंतर .३३८ विकली. आता .३०-०६ वापरतो, जी मला भीतीशिवाय चालवता येते.

रानवाटा · ३० जून, सकाळी १०:००

बाळू, तुमच्या छंदाशी माझं जमणार नाही. पण हे लिहिलंत ते बरं केलंत.

राधानगरीकर, आत्याला विचाराल का, नोंदींना साल आहे का?

राधानगरीकर · ३० जून, रात्री ९:००

पहिल्या दोनांना १९५३ आणि १९५४. तिसरीला नाही.

पेठेतला · २ सप्टेंबर, सकाळी ११:२०

धागा वर काढतोय. काय ठरलं शेवटी? (लग्नात फटाके लावणार आहोत.)

राधानगरीकर · २ सप्टेंबर, रात्री १०:१५

सांगतो. जुलैत एका परवानाधारक विक्रेत्याकडे चौकशी केली. ठाण्यातून ती त्याच्याकडे जमा म्हणून हलवलीच होती. त्यानं नळीत दिवा घालून बघितलं, म्हणाला आत चरे आहेत पण तोंडाशी ठीक. विकायची म्हटलं तर हसला. काडतूस मिळत नाही त्या बोअरला गिऱ्हाईक कोण, म्हणे. जी किंमत सांगितली त्यात बरा मोबाइलही येत नाही. "लाकूड चांगलं आहे पण," असं वर म्हणाला. मी सरकारजमा करायचं मनात पक्कं करून गावी गेलो.

आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या नावावर कर."

मला वाटलं ती भावनेच्या भरात बोलतेय. तर नाही. म्हणाली, तू पुण्यात, तुझ्या बहिणी आपापल्या घरी, गावी राहते मी. ठाण्यात जायचं तर मी जाईन, चालत पंधरा मिनिटं. तेल द्यायला तुझे बाबा मलाच चिंधी धरायला लावायचे, चाळीस वर्षं. आणि बार काढायचाच नसेल तर काडतूस नाही म्हणून अडतंय कुठे?

आईचं वय सहासष्ट. आम्ही तिघांनी ना-हरकत लिहून दिली. वैद्यकीय दाखला झाला, तिची शुगर माझ्यापेक्षा बरी निघाली. प्रशिक्षणाला वर्गात ती एकटी बाई, बाकी सगळे पस्तिशीतले बिल्डर छापाचे. शेवटच्या दिवशी .२२ चे पाच बार दिले. तीन कागदावर लागले. शिकवणाऱ्यांनी विचारलं, आजी, भीती नाही वाटली? तर म्हणे, "ही लहान आहे हो. आमच्या घरी मोठी आहे."

अर्ज गेलाय. पोलीस पडताळणी झाली. वनखात्याकडे कलम ३४ चं पत्र गेलंय, तिथे अडकलंय. बोअरचं पत्र सरांच्या गणितासह जोडलंय.

वकीलकाकू · २ सप्टेंबर, रात्री १०:४०

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. नियमात कुठेही म्हटलेलं नाही की वारस म्हणजे मुलगाच.

त्या अकरा काडतुसांचं काय? ती पुन्हा घरात आणू नका, सुभेदारांनी सांगितलंय ते लक्षात ठेवा. विक्रेत्याकडची पावती बघा, त्यावर अकराच लिहिलंय ना? शस्त्र ठाण्यातून दुकानात हललं की आकडे हलतात.

राधानगरीकर · २ सप्टेंबर, रात्री १०:५२

काकू, आत्ता काढून बघितली. 'जिवंत काडतुसे अकरा नग' असं स्पष्ट आहे. नंबर बरोबर आहे.

बोअरच्या रकान्यात मात्र ४.२३ इंच लिहिलंय.

गणिताचे_सर · २ सप्टेंबर, रात्री १०:५५

म्हणजे पावणेअकरा सेंटिमीटर. तोफ झाली ती.

वकीलकाकू · २ सप्टेंबर, रात्री १०:५६

उद्या सकाळी.